गोरा दिसला की ख्रिश्चनच का?

किती वेळा तेच तेच सांगायचं! ८ वर्षं झाली बँकॉकमध्ये, नवरा डच, त्याच्या घरात आजोबांपासून कुणी चर्चची पायरी चढलेलं नाही, पण फरंग, म्हणजे गोरा परदेशी, दिसला की इथले लोक धरूनच चालतात की हा ख्रिश्चन. परवा हॉस्पिटलात काउंटरवरच्या बाईंनी धर्माच्या रकान्यात न विचारताच 'ख्रिस्त' लिहून टाकलं, नवरा स्वतः थाईत म्हणाला "माय मी सातसना", धर्म नाही मला, तर पेन तसंच धरून माझ्याकडे बघत राहिल्या, जणू मीच काहीतरी लपवतेय, आणि लिहिलेलं खोडलं नाहीच. अहो, नेदरलँड्समध्ये निम्म्याहून जास्त लोक कुठलाच धर्म मानत नाहीत! आमची एक ज्यू मैत्रीण आहे अमेरिकेची, तिलाही दर डिसेंबरला विचारतात कुठल्या चर्चला जातेस.

इथे ९० टक्क्यांहून जास्त बौद्ध, थाई म्हणजे बौद्ध हे लहानपणापासून डोक्यात, तेव्हा होतं असं, कळतं मला. पण हेच लोक बौद्ध असून इथल्या सिलोम भागातल्या मारिअम्मनच्या हिंदू देवळात गणपतीला झेंडूचे हार घालतात ना, मग समोरच्याची श्रद्धा त्याच्या रंगावरून कशी ठरवता? विचारा की त्याला, तो सांगेल!