थंडी, पाइप आणि फिरणारी चांदणी

चर्चमधल्या नाताळच्या ऑर्गनवादनावरचा तुमचा लेख आवडला. फक्त वाद्य सुरात लावण्याची गोष्ट एका ओळीत उरकलीत, ते मनाला लागलं. खरी मेहनत तिथेच असते! हवा गार झाली की ऑर्गनच्या साध्या, म्हणजे बासरीसारख्या वाजणाऱ्या पाइपांचा सूर उतरतो; जिभलीच्या, म्हणजे रीडच्या पाइपांचा मात्र जवळजवळ जागेवरच राहतो. एकाच वाद्याचे दोन भाग आपसात बेसूर! म्हणून कार्यक्रमाच्या वेळी जेवढी ऊब असेल, तेवढ्याच उबेत ऑर्गन लावायचा असतो. डिसेंबरात हे किती कठीण, याची कल्पना श्रोत्यांना नसते.

फ्रेंच संगीतकार दाकँच्या नोएल्सबद्दलही, म्हणजे नाताळगीतांवरच्या ऑर्गन-रचनांबद्दलही, थोडं लिहायला हवं होतं. 18व्या शतकातल्या या फ्रेंच रचनांमध्ये चाल ओळखीची, साधी. पण प्रत्येक फेरीत स्टॉप, म्हणजे कोणते पाइप वाजायचे ते ठरवणाऱ्या खुंट्या, बदलतात, बोटांची गती वाढत जाते, आणि तीच चाल कधी बासरीसारखी, कधी तुतारीसारखी ऐकू येते. मला तर दरवेळी भरून येतं.

काही जुन्या जर्मन ऑर्गनांवर एक चांदणी बसवलेली असते. तिचा स्टॉप ओढला की ती गरगर फिरते आणि छोट्या घंटा किणकिणतात. नाताळच्या सुरावटींवर तो नाद इतका शोभतो! लेखातल्या ऑर्गनवर अशी चांदणी आहे का? असेल तर तिचा फोटो नक्की टाका.