इशारा पातळी ४० फूट

कॉलनीच्या मोकळ्या जागेत बाग करायची म्हटलं की पैशाआधी मतांची अडचण येते. सांगलीत विश्रामबागेकडं आमची कॉलनी आहे. तिथला ओपन स्पेस गणपतीपुरता स्वच्छ असतो. एरवी तिथं मांडवाचे वासे, कुणीतरी टाकलेली वाळू आणि चाकातली हवा गेलेली एक ओम्नी. बैठकीत कुणाला देऊळ हवं होतं, कुणाला ओपन जिम, आणि पेव्हिंग ब्लॉक मात्र सगळ्यांनाच हवे होते.

मी म्हणालो, "बाग मुलांसाठी ना? मग त्यांनाच विचारू. बालहक्क करारातच आहे, कलम १२. मुलांशी संबंधित गोष्टीत त्यांचं मत घ्यायचं. भारतानं १९९२ लाच मान्य केलंय."

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अण्णा म्हणाले, "९२ ला मान्य झालं आणि पत्र आता आलं व्हय?"

सुचवेल त्याच्या गळ्यात, हा कॉलनीचा अलिखित नियम. काम माझ्याकडं आलं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पोरं जमली. कागद वाटले. सगळ्यांनी एकच चित्र काढलं: दोन त्रिकोणी डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली झोपडी, शेजारी नारळ. "यात बाग कुठाय?" तर म्हणे, "याला मार्क मिळतात, काका."

मग कागद काढून घेतले, हातात फक्कीचा डबा दिला आणि म्हटलं, जागेवरच आखा. तिथून माझे हाल सुरू झाले. वाळूचा ढीग हलवायचा नाही. ओम्नी तर मुळीच नाही, ते ऑफिस आहे. चिखलासाठी एक नळ पाहिजे. आणि लपायला अशी जागा, जी कुणाच्याच आईच्या गॅलरीतून दिसणार नाही. पाचवीतल्या एका मुलीनं तर गॅलऱ्यांखाली फिरून, मान वर करून, तो कोपरा नक्की केला. एवढ्या बारकाईनं आमचं घर बांधलं असतं तर स्वयंपाकघरात उजेड आला असता.

बैठकीत मी कोपनहेगनजवळच्या एम्ड्रुपचा दाखला दिला. पोरं आखीव बागेपेक्षा बांधकामाच्या पसाऱ्यात जास्त रमतात, हे एका उद्यानरचनाकारानं हेरलं आणि १९४३ मध्ये तिथं तसंच मैदान झालं. एक वहिनी म्हणाल्या, "त्यांच्याकडं चड्ड्या कोण धुतंय, ते पण लिहिलंय का?" याला कलम नाही.

नकाशा नापासच व्हायचा, पण त्यात घसरगुंडीशेजारी एक खांब होता. त्यावर खुणा: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, आणि ५७ च्या वर '२०१९'. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचे हे आकडे सांगलीच्या पोरांना पाढ्यांआधी येतात. त्यांचा 'पूर-पूर' नावाचा खेळच आहे. ४० ला सामान माळ्यावर, ४५ ला म्हशी बाहेर. म्हशी कोण, यावरून रोज मारामाऱ्या.

अण्णांनी चष्मा पुसला. "शून्य कुठं धरलंय?" म्हणून विचारलं आणि गेलेच ते पोरांच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन हजर. आता नळ सोडला की ते कट्ट्यावरून ओरडतात, "कोयनेतून विसर्ग वाढवला!" देऊळवाल्यांनीही माघार घेतली, अण्णांशी कोण भांडणार?

पाणी जातं मात्र उताराच्या टोकाला, कोपऱ्यातल्या बंगल्याच्या फाटकाशी. त्या काकांचं नाव पोरांनी लगेच अलमट्टी पाडलं; कृष्णेवर खाली कर्नाटकात असलेलं हे धरण, पूर आला की सांगलीकर ज्याला बोल लावतात. काकांनी वैतागून फाटकासमोर विटांचा एक थर लावला. पाणी तुंबलं, मागं सरकलं, थेट ओम्नीच्या ऑफिसात शिरलं.

खऱ्या अलमट्टीची उंची ५१९ वरून ५२४ मीटर करायचा वाद इतकी वर्षं चाललाय. आमच्या अलमट्टीनं काल विटांचा दुसरा थर लावला. पाचवीतल्या त्या मुलीनं रविवारी तातडीची बैठक बोलावली आहे आणि काकांना रीतसर नोटीस पाठवली आहे. मागच्या बाजूला दोन डोंगर आणि सूर्य आहे.