समुद्रावर रिकामं कसं बसावं: खास आपल्या इकडच्यांसाठी

भाऊ, आधी एक गोष्ट समजून घ्या. समुद्रावर जाऊन दिवसभर काहीच न करणे हे ऐऱ्यागैऱ्याचं काम नाही, त्याला सवय लागते, आणि विदर्भाच्या 11 जिल्ह्यांतल्या एकालाही समुद्र लागून नसल्यानं आपली सवय कच्ची. खारं पाणी म्हणाल तर आपल्याकडं लोणार, तेही उल्का पडून झालेलं, आणि 2020 च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा आपण घरात कोंडून होतो. तर आम्ही चौघं, आर्वी तालुक्यातले, मेंबर, मास्तर, ट्रॅक्टरवाला आणि मी, जानेवारीत गोव्यात कोलव्याला जाऊन आलो आणि त्यातला एक अख्खा दिवस "आज काहीच नाही करायचं बे" म्हणून राखून ठेवला होता. त्या दिवसाच्या भांडवलावर हा फुकटचा सल्ला.

जायचं तर जानेवारीतच जा. तूर कापायला आलेली असते, हरभरा घाट्यावर असतो, कापसाची एक वेचणी बाकी असते, म्हणजे बॅग उचलताना बुढ्याची, म्हणजे बापाची, नजर पाठीत बरोबर रुतते, तिच्याशिवाय सुट्टीला चव नाही. वर्ध्याहून मडगावची गाडी चोवीस तासांच्या वर घेते. चार दिवसांच्या दशम्या, ठेचा अन् चिवडा सोबत घ्या आणि अकोला यायच्या आत संपवा.

रिकाम्या दिवशी उशिरा उठायचं असं ठरवून झोपा आणि पाचला उठा. गोठा नाही, दूध काढायचं नाही, तरी उठा. मग काय करावं सुचत नाही तर हॉटेलच्या अंगणात फिरा. आमच्या ट्रॅक्टरवाल्याला तिथं एक नळ थेंब थेंब गळताना दिसला, त्यानं खिशातून सुतळी काढली (ती खिशात का होती हे त्याला विचारू नका, ती त्याच्या खिशात असतेच), एक प्लास्टिकचा तुकडा शोधला आणि नळ असा करकचून बांधला की नंतर हॉटेलच्या पोराला तो सोडता येईना. साडेसहापर्यंत आमचं आरामाचं हे एवढं काम झालं होतं.

बीचवर गेल्यावर लोकं उन्हात मुद्दाम लोळून राहिले असतात, पैसे खर्चून, अंगाला तेल लावून. हसू नका. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 डिग्री गेलं होतं तेव्हा आपण हीच सोय फुकटात घेतली, फक्त आपल्याला ती सोय आहे हे कोणी सांगितलं नव्हतं. तुम्ही मात्र कानाला दुपट्टा बांधूनच बसा. हवा लागते.

खाटेसारखी लांब खुर्ची असते, तिचे पैसे नाही घेत, पण काही ना काही मागवावं लागते. आणि इथंच खरा घात होतो कारण मेनूकार्ड वाचताना आपल्याला रुपये दिसतच नाहीत. नारळपाणी 80 रुपये. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328, म्हणजे दीड किलो सोयाबीन, हे झालं कागदावरचं, आणि बाजारात आपल्याला जो भाव भेटला त्यानं पुरते दोन किलो. दोन किलो सोयाबीन स्ट्रॉनं ओढायचं म्हणजे कसं वाटते सांगू? मी ते नारळ पाऊण तास पुरवलं. मग आतली मलई खरवडली. मग मेंबरनं त्याच्या नारळाची करवंटी धुऊन बॅगेत ठेवली, घरी कामी येते म्हणे.

दारूबद्दल आमच्याकडून सल्ला घेऊ नका. वर्धा जिल्ह्यात 1974 पासून दारूबंदी आहे त्यामुळं आम्हाला त्यातलं काही समजत नाही, मेंबरला फक्त ब्रँडची नावं अन् क्वार्टरचे भाव पाठ आहेत, ते सामान्यज्ञान म्हणून. पण गोव्यात बीचवर उघड्यावर पिण्याला 2019 पासून दंड आहे, तेव्हा ठरला तो एकट्याला 2,000 आणि ग्रुपनं बसले तर 10,000 होता. मास्तरनं हे ऐकल्याबरोबर वाळूवर बोटानं हिशेब मांडला, की चौघं जवळ बसलो तर दहा, दूर दूर बसलो तर चार दुणे आठ, म्हणजे लांब बसण्यात सरळ दोन हजारांचा फायदा. शाळा कशी चालते ते मला त्या दिवशी समजलं.

आता वाळू. आपण तिला रेती म्हणतो आणि आपल्यासाठी ती बघायची वस्तू नाही. ट्रॅक्टरवाला किनाऱ्यावर आला तेव्हापासून गप्प होता, आम्हाला वाटलं समुद्र पाहून गहिवरला, पण तो डावीकडून उजवीकडं नुसती मान फिरवून राहिला होता. शेवटी बोलला, "अबे, किती ब्रास असन हे?" तिकडं घरकुलाच्या 5 ब्रास रेतीसाठी माणसाच्या चपला झिजतात, रात्री ट्रॉली काढावी तर रस्त्यात कोण उभं राहील नेम नाही, आणि इथं मैलोगणती पडली आहे, कोणी पावती मागत नाही, त्यावर पोट्टे किल्ले बांधून मोडून राहिले. मास्तर म्हणाला, खारी रेती आहे, हिच्यात मीठ असते, स्लॅबचं लोखंड सडते. तेव्हा कुठं त्याला जेवण गेलं.

रेतीचा दुसरा उपयोग असा की ती खर्ऱ्यात, म्हणजे आपल्या घोटलेल्या सुपारी-तंबाखूत, जाते. चार दिवसांचा कोटा आम्ही गावातूनच नेला होता. मेंबरनं पन्नी मांडीवर घेऊन नेहमीसारखा घोटला, समुद्राकडं बघत, मस्त वारा सुटलेला, आणि एक चिमूट दाढेखाली दाबली. करकर असा आवाज आम्हा तिघांना ऐकू आला. त्यानं थुंकला नाही. गावाचा खर्रा थुंकायची त्याची तयारी नव्हती.

पोहण्याचं थोडक्यात सांगतो. आपण विहिरीत उड्या मारलेली माणसं, हे तिथल्या जीवरक्षकाला सांगून पाहा, तो शिट्टी वाजवतो. लाल झेंडा असला तर पाण्यात जाऊच नका, यात मजाक नाही, समुद्र पाय धरून आत ओढतो अन् विहिरीसारखा काठ हाताला लागत नाही. आम्ही गुडघ्यापर्यंत गेलो, फोटो काढले, स्टेटस टाकलं, बाहेर आलो.

बाहेर आलो तर चपला नाहीत. चार जोड, त्यातला माझा नवा, लग्नातला. मास्तर पाचवी ते सातवीला भूगोल शिकवतो, त्यानं तिथंच उभं राहून समजावलं की भरती दिवसातून दोनदा येते, साधारण सव्वाबारा-साडेबारा तासांनी, आणि अमावस्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढते, त्याला उधाण म्हणतात, आणि दुपारी समुद्राकडून जमिनीकडं वाहतात ते खारे वारे. एवढं सगळं त्याला येत होतं. चपला पाण्याजवळ काढून ठेवा हेही त्यानंच सांगितलं होतं. एक चप्पल नंतर सापडली, डाव्या पायाची, आमच्यापैकी कोणाचीच नाही.

दुपारी झोपायचं असते. झोपा, पण फोन छातीवर ठेवून, कारण शेतातली मोटर. माझ्या स्टार्टरला सिम आहे, फोन लावला की आतून बाई बोलते. या हप्त्यात शेतीची लाइन रात्रीची होती हे मला माहीत होतं, तरी मी दुपारी तिला चारदा फोन लावला, आणि चारही वेळा ती तितक्याच शांतपणे म्हणाली की वीजपुरवठा बंद आहे. बाजूच्या खुर्चीवरची एक बाई माझ्याकडं पाहून हसली, तिला वाटलं असन घरी बोलून राहिला बिचारा.

मग सूर्य बुडतो. सगळे उभे राहतात, फोन वर करतात, तुम्हीही करा. नेमका तेव्हाच बुढ्याचा फोन येतो.

"काय करून रायला?"

"काही नाई. बसलो."

"डुकरं आल्ते काल. धुऱ्याकडच्या दोन ओळी उकरल्या. आज जागलीले मीच जातो. लाइन साडेदहाले येते, तू तिकडून मोटर चालू कर, स्पिंकलरचे पाइप मी बदलवतो."

"थंडी आहे ना तिकडं?"

"हाव, आहे थोडी. तिकडं?"

गोव्यात पंखा लागत होता. हे फोनवर सांगायचं नसते, हा सल्ला मात्र खरा आहे, लिहून ठेवा.

जेवण झालं की बाकीचे झोपतात. मेंबर घोरतो. तुम्ही समुद्राच्या आवाजात पलंगावर पडून राहा, अंधारात, फोन हातात धरून, चार्जिंग वीस टक्क्यांच्या वर ठेवा. डोळा लागू देऊ नका, दहा वाजून गेले आहेत.