चुकीची आज्ञा

दिवाळीत आमच्याकडे व्यापार खेळतात. पट आत्याकडे नाशकात, काका डोंबिवलीत, भाचा बंगळुरूत, मी पुण्यात. त्यामुळे खेळ व्हिडिओ कॉलवर. फासे आत्या टाकते, ते दर वेळी कॅमेऱ्याबाहेर घरंगळतात आणि तिला हवं तेवढंच दान पडतं. गेल्या वर्षी काका हळूच ‘शकुनी’ म्हणाले आणि नाशिकची रेंज गेली.

घरातला कॉम्प्युटरवाला मी. म्हटलं, टेलिग्रामवर फासे टाकणारा बॉट, म्हणजे निरोपांना आपोआप उत्तर देणारा प्रोग्रॅम लिहितो, चाळीस ओळींचं काम. तिरकी रेघ, लगेच ‘रोल’, मग २डी६, म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे. ही डीची भाषा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्यांची, त्यांच्याकडे वीस बाजूंचाही फासा असतो, वगैरे सगळं मी ग्रुपवर सविस्तर लिहिलं. आत्याचा अंगठा आला. म्हणजे वाचलेलं नाही.

तिने लिहिलं, ‘दोन फासे टाक.’ बॉट ढिम्म. ग्रुपमध्ये बॉटला एरवी तिरक्या रेघेने सुरू होणारंच ऐकू येतं, आणि आत्याला ती रेघ कीबोर्डवर सापडेना. काकांना सापडली. त्यांनी सगळं बिनचूक लिहिलं, फक्त आकडे मराठीत. बॉट उत्तरला : ‘त्रुटी : चुकीची आज्ञा.’

तिसऱ्या मिनिटाला फोन.

‘‘आज्ञा आम्ही करायची आणि ती चुकीची हे तुझं डबडं ठरवणार?’’

काकांचं बरोबर होतं, आणि तेही तांत्रिकदृष्ट्या. बॉट ज्या संगणकी भाषेत लिहिला, त्या पायथनला देवनागरी आकडे उपजत कळतात. मीच हुशारी करून फक्त इंग्रजी आकडे आत सोडणारी चाळणी लावली होती. पायथन जन्मला नेदरलँड्समध्ये, पण ‘२’ला दारातून हाकलणारा सदाशिव पेठेतला निघाला.

चाळणी काढली, तर भाच्याने २डी० मागितलं. शून्य बाजूंचे दोन फासे. बॉट एकपासून शून्यापर्यंतचा आकडा शोधायला गेला आणि परत आला नाही. कारण असा अपवाद झेलायची ओळ मी ‘नंतर लिहू’ म्हणून ठेवली होती. बॉट पुन्हा उठवला. उठल्या उठल्या तो परत आडवा. पोच न मिळालेला निरोप टेलिग्राम जपून ठेवतं आणि बॉट डोळे उघडतो न उघडतो तोच पुन्हा त्याच्या हातात देतं. हे समजेपर्यंत मी त्याला अकरा वेळा उठवलं. आईने दारातून विचारलं, ‘‘कोण आजारी आहे?’’

मग भाच्याने पाच हजार फासे मागितले. बॉटने ते इमानदारीत टाकले, पण एका निरोपात ४०९६ अक्षरंच मावतात, त्यामुळे उत्तर गळ्यात अडकलं. वीस फाशांची मर्यादा घातली. भाच्यावर घालता येत नाही.

अखेर खेळ सुरू झाला, तर आत्याची तक्रार : ‘सात फार पडतात, तू काहीतरी करून ठेवलंयस.’ दोन फाशांच्या ३६ जोड्या, त्यांतल्या सहांची बेरीज सात, दोन आणि बारा मात्र एकेकदाच, हे मी तक्ता काढून पाठवलं. ‘माझ्या हातून बारा पडायचे,’ ती म्हणाली. त्यावर तक्ता नसतो.

पण खरी अडचण ‘चुकीची आज्ञा’चीच होती. ते बदलून ‘अवैध निवेदन’ केलं, तर काकांना सोसायटीच्या नोटिशीची आठवण झाली. शेवटी नात्यांचा तक्ताच बॉटमध्ये भरला. काकांना ‘काका, जरा पुन्हा सांगता का?’, आत्याला ‘आत्या, कळलं नाही गं, परत सांगतेस?’ आणि भाच्याला ‘गप.’ चाळीस ओळींच्या दोनशे दहा झाल्या. त्यांत फासे टाकणाऱ्या दोन.

आत्या विरघळली. तिने बॉटला प्रेमाने लिहिलं, ‘हो रे बाळा, दोन फासे टाक बघू.’ तिरकी रेघ नव्हती. बॉट गप्प. तिने दहा मिनिटं वाट पाहिली.

‘‘गोड बोलायला शिकवलंस, ऐकायला नाही,’’ ती मला कॉलवर म्हणाली.

तेवढ्यात भाच्याने तिच्या कानात काही सांगावं तसं तिला वेगळं काहीतरी कळवलं. ग्रुपवर आत्याकडून फाशाची एक इमोजी आली. ती गरगर फिरली आणि सहावर थांबली. टेलिग्राममध्ये ही सोय आयतीच आहे. पाठोपाठ दुसरी इमोजी. पुन्हा सहा.

‘‘बारा,’’ आत्या म्हणाली. ‘‘काका, मुंबई माझी.’’