साडेनऊ लाखांचा फॉरवर्ड

कोल्हापूरजवळच्या आमच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या ग्रुपांवर एकच मेसेज फिरतोय: ‘इलेक्ट्रिक ट्रकसाठी सरकारनं १०,९०० कोटी उधळले. गाडी घेणाऱ्याच्या खात्यावर साडेनऊ लाख. गाडी घाट चढत नाही ती नाहीच, वर कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना टाळं.’

१०,९०० कोटी ही केंद्राच्या अख्ख्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेची, म्हणजे इलेक्ट्रिक गाड्यांच्या अनुदान योजनेची रक्कम. त्यात दुचाक्या, रिक्षा, चार्जिंग स्टेशनं सगळं आलं. नुसत्या बसनाच ४,३९१ कोटी. ट्रकच्या वाट्याला ५००. शंभरातले पाचसुद्धा नाहीत.

खात्यावर छदामही येत नाही. रक्कम गाडीच्या किमतीतूनच वजा होते, कंपनी ती नंतर अवजड उद्योग मंत्रालयाकडून घेते. ९.६ लाख ही कमाल मर्यादा, लहान गाडीला बरंच कमी. खरी मेख मेसेजमध्ये नाहीच: जुना ट्रक मोडीत काढल्याचं प्रमाणपत्र लागतं. मार्केट यार्डातून गूळ भरून निघणाऱ्या एकगाडी मालकाची चूल त्या जुन्या ट्रकवर पेटते. तो मोडायचा आणि नव्याचा हप्ता डोक्यावर घ्यायचा? बोंब मारायची तर यावर मारा की!

घाटाचं म्हणाल तर उलटं आहे. मोटर जागेवरून सुटतानाच पुरा जोर देते, आणि करूळ घाट उतरताना तीच थोडी वीज बॅटरीत परत भरते. अडचण बॅटरीच्या वजनाची आणि वाटेतल्या चार्जिंगची.

फाउंड्रीचं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांचं, मात्र अर्धं खरं आहे, म्हणून जास्त बोचतं. शेजारच्या शेडमध्ये ट्रकचे ब्रेक ड्रम काळी वाळू झटकून ग्राइंडिंगला लागलेले असतात. इलेक्ट्रिक ट्रकलाही ब्रेक लागतात, हब लागतात. पण त्याच शेडच्या कोपऱ्यात रचलेल्या सिलिंडर हेडला तिथं कामच नाही, कारण इंजिनच नाही. तरी या योजनेतून देशभरात मिळून साधारण ५,६०० ट्रक, त्यातले १,१०० दिल्लीसाठी. एवढ्यानं शिरोलीची भट्टी विझत नाही.

नव्या तंत्राचे भाग बनवायला वाहन उद्योगाची २५,९३८ कोटींची पीएलआय, म्हणजे उत्पादनावर प्रोत्साहन देणारी, योजना वेगळी आहे, ५० टक्के देशी मूल्यवर्धनाच्या अटीवर. पण ती मोठ्यांची पंगत. मोटरची केसिंग बहुधा ॲल्युमिनियमची, आणि आमच्याकडं बहुतेक काम बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं. शेजारच्या मालकानं मध्यंतरी ॲल्युमिनियम डायकास्टिंग मशीनचं कोटेशन मागवलं होतं. ते अजून त्याच्या टेबलाच्या काचेखाली आहे.