‘निसर्गाचा एसी’ म्हणे!

सिएटलला लेकाकडे गेलेल्या मावशीचा फोन आला. शनिवारी तिथल्या बिग फोर डोंगराच्या पायथ्याची बर्फाची गुहा बघायला जाणार, आत बसून डबा खाणार. घरच्या ग्रुपवरचा तो मेसेज वाचून ठरवलंय. तो असा: ‘हजारो वर्षं जुनी बर्फाची गुहा, निसर्गाचा एसी! गार वारा येतोय तोवर बर्फ पक्का, बिनधास्त आत जा. भीती वाटली तर तोंडाशी उभे राहा, तिथे काही होत नाही. पाट्या नुसत्या कायद्यापुरत्या. आजी-आजोबांनाही जमेल.’

हजारो वर्षांचं सोडून द्या. बिग फोर डोंगराच्या उत्तरेकडच्या कड्यावरून हिवाळ्यात हिमलोट कोसळतात, पायथ्याशी ढीग साचतो आणि कड्याच्या सावलीत टिकतो. गुहा मात्र दर उन्हाळ्यात नव्याने पोखरली जाते. गेल्या वर्षीच्या फोटोतली गुहा यंदा नसतेच.

डोकं फिरलं ते गार वाऱ्यावरून. कड्यावरून उतरणारं पाणी ढिगाखालून वाट काढतं आणि बोगदा तयार होतो. मग बाहेरची उबदार हवा त्यातून खेळू लागते आणि तो आणखी रुंदावतो. ती हवा गार कशाने होते? तिच्यातली उष्णता बर्फ वितळवण्यात खर्च होते म्हणून. माठातून पाझरलेलं पाणी वाळताना उष्णता घेतं म्हणून आतलं पाणी गार, तसंच हे. म्हणजे मावशीला जी झुळूक सुखावणार, ती छत वितळतंय म्हणूनच येणार! आणि याला म्हणे ‘बर्फ पक्का’.

2015 साली वसंतातच ऊन तापलं. गुहा धोकादायक झाल्याचा इशारा अमेरिकेच्या वनखात्याने मे महिन्यातच दिला होता. 5 जुलैला छताचा काही भाग कोसळला, त्याचा व्हिडिओही निघाला. तरी दुसऱ्या दिवशी लोक आत होतेच. 6 जुलैला छत पडलं. एक तरुणी जागीच गेली, पाच जण जखमी झाले, त्यांतला एक पुढे काही महिन्यांनी वारला. ‘पाट्या कायद्यापुरत्या’ला आणखी काय उत्तर द्यायचं?

तोंडाशी उभं राहिलं तर काही होत नाही? 2010 च्या जुलैअखेरीस तिथे अकरा वर्षांची एक मुलगी दगावली. ती आत गेलीच नव्हती, बाहेर उभी होती. वरून सुटलेला बर्फाचा मोठा तुकडा तिच्यावर आला.

आजी-आजोबांना जमेल, हे खरंय, नाइलाजाने कबूल. पायवाट सोपी आहे, एका बाजूने जेमतेम पावणेदोन किलोमीटर, चढ नावाला. पण पायवाट संपते तिथेच थांबायचं. गुहा तिथून दिसते, फोटोही येतो. डबा अलीकडच्या झाडीत खा. आणि हिवाळ्या-वसंतात तर कड्यावरून हिमलोट येतात, तेव्हा तेवढंही पुढे जायचं नाही.

मावशीला हे सगळं फोनवर सांगून झालंय. ज्याने मेसेज ढकलला त्याने तो आता ग्रुपवरून काढावा. नुसता अंगठा दाखवून भागणार नाही.