पासधारकाने पाळायची पथ्ये

डिस्नेलँडचा वर्षाचा पास काढायचे मनात आले असेल तर आधी अभिनंदन. एका दिवसाचे तिकीट काढणारी सामान्य माणसे पैसे देतात आणि आत जातात. तुम्ही पैसे देऊन आत जायची परवानगी मागणार आहात. हा दर्जाच वेगळा.

पहिले पथ्य म्हणजे आपली पायरी ओळखणे. कॅलिफोर्नियातले जुने वार्षिक पास 2021 च्या जानेवारीत बंद झाले आणि ऑगस्टमध्ये त्यांच्या जागी ‘मॅजिक की’ आली. इमॅजिन, एन्चांट, बिलीव्ह, ड्रीम अशा चार किल्ल्या, तेव्हा 399 पासून 1,399 डॉलरपर्यंत. सगळ्यात स्वस्त किल्ली फक्त दक्षिण कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांसाठी. लांब राहत असाल तर आधी बिऱ्हाड हलवा. 1982 पर्यंत इथे राइड्सची प्रतवारी असे, ए ते ई, आणि त्याप्रमाणे कुपने फाडायची. आता राइड्स सगळ्या सारख्या, प्रतवारी माणसांची होते.

स्वस्त किल्लीबरोबर ब्लॉकआउट डेचे, म्हणजे पास असूनही आत सोडत नाहीत अशा दिवसांचे, कॅलेंडर येते. ते पाठ करा. मुलांना सुट्टी, तुम्हाला सुट्टी आणि वर हवाही छान, असा दिवस बहुधा त्यात सापडतोच. कामाच्या ऐन मंगळवारी ऑफिसला दांडी मारायची तयारी असेल, तर बाकीचे वर्ष तुमचेच आहे.

सगळ्यात महाग किल्ली घेतली की ही कटकट मिटेल, असा हिशोब काही हुशार लोकांनी केला होता. ड्रीम कीला खरोखरच एकही ब्लॉकआउट डे नव्हता. फक्त, इतर किल्ल्यांसारखेच, जायच्या दिवसाचे आरक्षण आधी लागायचे, आणि पासधारकांच्या वाट्याचे आरक्षण संपलेल्या दिवशीही बाहेर तिकिटे विकली जातात, अशी तक्रार घेऊन एक पासधारक कोर्टात गेली. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण 95 लाख डॉलर मोजून प्रकरण मिटवले. ते वाटल्यावर माणशी साधारण 67 डॉलर. तेवढ्यात एका दिवसाचे सगळ्यात स्वस्त तिकीटही येत नाही. तोवर ड्रीम की इतिहासजमा झाली होती. तिच्या जागी 1,599 डॉलरची इन्स्पायर की आली आणि नाताळच्या आसपासचे दिवस रीतसर बंद झाले. दोनशे डॉलर जास्त देऊन दिवस कमी मिळाले, पण निदान आधी सांगून. प्रामाणिकपणा महागच असतो.

आरक्षण मिळाले की जा. जायलाच हवे! 90 दिवसांत तीनदा नाव नोंदवून फिरकला नाहीत, तर 30 दिवस नवे आरक्षण करता येत नाही, असा या योजनेचा नियम. पूर्ण फी भरून गैरहजर राहिल्याबद्दल शिक्षा करणारी जागा शाळेनंतर हीच. मूल तापाने फणफणणार असेल, तर त्याने ते आदल्या दिवशीच उरकावे, म्हणजे तुम्हाला वेळेत रद्द करता येईल.

राहता राहिले हॅलोविन. असतील शिते तर जमतील भुते, पण इथे शिते वेगळ्या तिकिटाची. शेजारच्या डिस्ने कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर पार्कमध्ये ‘उगी बूगी बॅश’ नावाची हॅलोविन पार्टी होते, तिथे तुमची कुठलीही किल्ली चालत नाही. तिकीटविक्रीच्या दिवशी ऑनलाइन रांगेत बसा, म्हणजे प्रत्यक्षातल्या रांगेची रंगीत तालीम होईल. पार्टीवाले दुपारी तीनपासून आत येऊ लागतात आणि दिवसाच्या लोकांना सहापर्यंत मुक्काम असतो. मधल्या तीन तासांत दोन्ही गर्द्या एकाच रस्त्यावर. पासाचे पैसे वसूल करायचे असतील तर नेमके तेव्हाच जा: धक्के दुप्पट, दर तोच. सहानंतर मनगटावर पार्टीची पट्टी नसलेल्यांना हसतमुखाने बाहेरची वाट दाखवली जाते. मग गर्दी कमी असेल म्हणून जादा पैसे मोजलेली सगळी मंडळी आत एकत्र जमतात आणि चॉकलेटच्या रांगेत उभी राहतात.

वैताग येऊन पास सोडावासा वाटेल. सोडू नका. नव्या किल्ल्यांची विक्री मध्येच थांबते. 2021 मध्ये वरच्या दोन किल्ल्या काही महिन्यांतच मिळेनाशा झाल्या होत्या. बाहेर पडलात आणि पुन्हा घेतलेच नाही तर? त्यापेक्षा नूतनीकरण करा. कॅलिफोर्नियाकरांना तर बिनव्याजी मासिक हप्त्याची सोय आहे. हप्त्याला आरक्षण लागत नाही, ब्लॉकआउट डे नसतो आणि तो एकदाही गैरहजर राहत नाही.